मलाक्का: क्वालालंपूरहून एका दिवसात उरकावं की मुक्काम करावा?

पुणेरी_मनी
नमस्कार मंडळी, डिसेंबरात मलेशियाला चाललोय. मी, नवरा, सात वर्षांची लेक आणि माझे आईबाबा. क्वालालंपूरला पाच रात्री आहेत, त्यातला एक दिवस मलाक्काला ठेवलाय. आमचा ट्रॅव्हलवाला म्हणतो सकाळी नेतो रात्री आणतो, लाल चर्च, किल्ला, टॉवर, जहाज, बोट, देऊळ सगळं बसवतो, मला ती यादी वाचूनच धाप लागली. आईचे गुडघे दुखतात आणि ती पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बाबा इतिहासवेडे, पाटी दिसली की थांबणार म्हणजे थांबणार. आणि लेकीने कुठेतरी हॅलो किटीवाली सायकलरिक्षा पाहिलीये, तिला बाकी काही नको. तर एका दिवसात जमेल का, की एक रात्र राहावं? आणि काय सोडलं तर हळहळ वाटणार नाही ते पण सांगा प्लीज.

मंगेश_केएल
राहा. सरळ राहा. मी इथे नऊ वर्षं आहे, पाहुणे आले की मलाक्का ठरलेलं, सुरुवातीला मी पण सकाळी नेऊन रात्री आणायचो आणि दरवेळी सगळे घामाने निथळून चिडलेले असायचे. दुपारी अकरा ते चार तिथे फिरणं म्हणजे शिक्षा आहे आणि डे ट्रिपवाल्यांच्या बसेस नेमक्या त्याच वेळात येतात. गाव खरं मजेचं होतं ते ऊन उतरल्यावर. नदीकाठचे दिवे लागतात, बोट पाऊण तास फिरवून आणते, ती संध्याकाळचीच घ्या, आईंना एका जागी बसून अर्धं गाव दिसेल.

शक्यतो शनिवारची रात्र बघ कारण जोंकर स्ट्रीटचा रात्रबाजार शुक्रवार ते रविवारच भरतो. गर्दी असते, लक्ष्मी रोडची सवय आहे ना मग काही वाटणार नाही. शेवटाला एक स्टेज आहे तिथे चिनी आजीआजोबा नटूनथटून कराओके म्हणतात, मला तर अख्ख्या गावात तेच सगळ्यात आवडतं. फक्त हॉटेल त्या रस्त्यावरच घेऊ नकोस, आम्ही एकदा घेतलं होतं, मध्यरात्रीपर्यंत खिडकीखाली गाणी आणि सहा वाजता कचऱ्याची गाडी.

जायचं कसं: ट्रेनच्या भानगडीत पडू नका, मलाक्का शहरात स्टेशनच नाहीये, जवळचं तांपिनचं, तिथून पुढे परत तासभर. केएलच्या (म्हणजे क्वालालंपूरच्या) टीबीएस बस टर्मिनलवरून बस, दीडशे किलोमीटर, दोन-अडीच तास, मलाक्का सेंट्रलला उतरायचं आणि पुढे ग्रॅब, म्हणजे ॲपवरची टॅक्सी. पाच जण आहात तर सहा सीटवाली बोलवा.

टॉवर सोडा. ८० मीटर वर नेतो, गोल फिरवतो, खाली आणतो. रिक्षेचं म्हणाल तर त्या लाल चर्चच्या चौकातच उभ्या असतात, हॅलो किटी, पिकाचू, डोरेमॉन, फुलं, लायटिंग आणि कान किटेल इतकी गाणी. आधी भाव ठरवून बसा. एकीत दोनच मोठी माणसं मावतात.

सासष्टीकार
मडगावचा आहे म्हणून मध्ये तोंड घालतो. तुझ्या बाबांना सांग की मलाक्का बघायचं तर गोवा डोक्यात ठेवून बघा, नाहीतर ते नुसते पडके दगड आहेत.

पोर्तुगीजांच्या आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं आणि लगेच पुढच्या वर्षी, १५११ ला, मलाक्का. माणूस तोच. जहाज सुद्धा तेच, फ्लोर द ला मार, ते मलाक्काची लूट भरून परत निघालं आणि सुमात्राजवळ बुडालं. नदीच्या तोंडाशी त्याची मोठी प्रतिकृती उभी केलीये, आत म्युझियम आहे, लेकीला तिथे न्या. मला गंमत वाटली ती ही की ज्या जहाजातून गाव लुटलं त्याच जहाजाचं म्युझियम गाववाल्यांनी केलं आणि आता तिकीट लावून बसलेत.

वर टेकडीवर सेंट पॉल चर्च आहे, छप्पर नाही, नुसत्या भिंती. पण आमचा गोंयचो सायब, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर, १५५२ च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर गेला ना, तर त्याचं शव आधी इथे आणलं, १५५३ मध्ये इथेच पुरलं आणि मग उकरून गोव्याला नेलं. १५५४ पासून ते गोव्यात, आता जुन्या गोव्याच्या बाँ जेझूस बासिलिकेत. मी लहानपणापासून तिकडे जातोय, २०२४ च्या शवप्रदर्शनाला पण तासन्‌तास रांगेत होतो, आणि मलाक्कात ती रिकामी कबर बघितली, जमिनीत एक चौकोनी खड्डा, वर जाळी, आत लोकांनी टाकलेली नाणी, मी तिथे बराच वेळ नुसता उभा होतो. बायको म्हणाली काय झालं, मी म्हटलं काही नाही, ऊन लागतंय.

बाहेर त्याचा पांढरा पुतळा आहे, उजवा हात मनगटापासून नाही. १९५२ मध्ये बसवला आणि लगेच झाड पडून हात तुटला म्हणतात. आणि खऱ्या शवाचा उजवा हात पण १६१४ मध्येच कापून रोमला नेलेला. आता काय म्हणायचं ते म्हणा.

रोखठोक_नाना
मी गेलो होतो, मला विशेष वाटलं नाही. किल्ला किल्ला म्हणून घेऊन गेले आणि दाखवली काय तर एक वेस! आपल्याकडे एकेका तालुक्याला याहून मोठे किल्ले पडलेत. त्यापेक्षा पेनांगला जा.

मंगेश_केएल
नाना किल्ल्याचं खरं आहे पण तो पोर्तुगीजांनी नाही पाडला आणि डचांनीही नाही, इंग्रजांनी पाडला. १८०७ ला सुरुंग लावायला घेतलं, उद्या परत डचांच्या हाती गेला तर म्हणून. रॅफल्स, तोच सिंगापूरवाला, मध्ये पडला म्हणून ती एक वेस तरी राहिली. आणि तिच्यावर नीट बघितलंत तर १६७० साल कोरलेलंय, ते डचांचं, त्यांनी १६४१ ला गाव घेतल्यावर पुढे आपली निशाणी ठोकली. म्हणजे एका दारात पोर्तुगीज, डच, इंग्रज तिघं आले. रायगडाची अपेक्षा ठेवून गेलं तर निराशा होणारच.

आणि पेनांगचं जॉर्जटाउन छानच आहे पण केएलहून तिकडे एका रात्रीसाठी आईबाबांना घेऊन पळवायचं का? दोन्ही गावं युनेस्कोच्या यादीत एकदमच गेलीत, २००८ ला, त्यामुळे भांडायचं कारण नाही.

भटकी_वहिनी
मनी, आईंना सकाळी आठ-साडेआठला तुकांग एमास नावाच्या गल्लीत ने. अगदी सपाट, छोटी गल्ली, आणि तिथे गणपतीचं देऊळ आहे, १७८१ सालचं, मलेशियातल्या सगळ्यात जुन्या देवळांपैकी. ते चिट्टी लोकांचं. हे लोक म्हणजे मूळचे तमिळ व्यापारी, इथल्या बायकांशी लग्नं केली, आता घरात मलय बोलतात पण सण सगळे शैव पद्धतीचे. चार पावलं पुढे कंपुंग क्लिंग मशीद, तिचा मिनार पॅगोडासारखा आणि छप्पर तीन टप्प्यांचं हिरव्या कौलांचं, मला आधी कळेचना मशीद आहे की देऊळ. आणि त्याच्या पुढे सतराव्या शतकातलं चिनी देऊळ, उदबत्त्यांच्या धुराने भरलेलं. तिन्ही मिळून तास-दीड तास, मग नाश्ता, मग हॉटेलवर एसीत झोपा चारपर्यंत.

खाण्याचं: आईंसाठी लिटिल इंडियात केळीच्या पानावरचं जेवण मिळतं, भात सांबार दोन भाज्या पापड, निवांत. न्योन्या म्हणजे चिनी-मलय मिश्र पद्धतीचं जेवण जगात भारी पण बेलाचान म्हणजे सुकटीसारखी कोळंबीची पेस्ट भाजीत सुद्धा असते, नुसतं व्हेज म्हणून भागत नाही, कोळंबी नको असं वेगळं सांगायचं. अननस टार्टला वरून अंडं लावतात. पण चेंडोल मात्र आईंना नक्की दे, किसलेला बर्फ, नारळाचं दूध, हिरव्या शेवया आणि गुला मलाका. तो गूळ म्हणजे आपल्या कोकणातला माडाचा गूळच गं, पहिल्या घासाला मला आजोळ आठवलं.

सासष्टीकार
माडाचा गूळ! बरोब्बर. आणि तिथल्या पोर्तुगीज वस्तीत डेव्हिल करी खाल्ली, व्हिनेगर, मोहरी, मिरची, आमच्या विंदालूची चुलत बहीण. आईंसाठी नाही, बाकीच्यांनी खा.

पुणेरी_मनी
बाप रे किती लिहिलंत, थँक्यू सगळ्यांना. शनिवारची रात्र ठरली, टॉवर कट, ट्रॅव्हलवाला कट. बाबांना हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, ते आता १५११ च्या आधीचं विचारतायत, गाव वसवलं कोणी? आणि सासष्टीकार, त्या टेकडीवर आईला चढवेल का?

मंगेश_केएल
परमेश्वर नावाच्या सुमात्राच्या राजपुत्राने, १४०० च्या आसपास. गोष्ट अशी की तो शिकारीला आला होता, त्याच्या कुत्र्याला एका पिटुकल्या हरणाने लाथ मारून नदीत ढकललं, हा खूश, म्हणाला इथेच गाव वसवतो. ज्या झाडाखाली बसला होता त्याचं नाव विचारलं तर मलाका. आणि ते झाड म्हणजे आपला आवळा. संस्कृत आमलक म्हणून बघा.

सासष्टीकार
टेकडी छोटी आहे पण दोन्हीकडून पायऱ्याच. दर दहा पायऱ्यांना थांबत गेल्या तर जातील, नाहीतर खाली वेशीपाशी झाडाखाली बसवा आणि लेकीला सोबत ठेवा, रिक्षावाले तिथून पण जातात. बाबांना वर एकटे सोडू नका मात्र, भिंतीला डचांचे पुरुषभर उंचीचे थडग्याचे दगड टेकवून ठेवलेत, सगळ्यांवर मजकूर आहे.

पुणेरी_मनी
संपलं मग, संध्याकाळपर्यंत खाली येत नाहीत ते. आई म्हणतेय आवळ्याच्या गावाला चाललोय तर मोरावळ्याची बरणी घेऊ का बरोबर, चेक-इन बॅगेत चालेल ना?