गावातला वर्षभराचा रोजगार मोजायचा कसा?

प्रश्न (दारव्हा तालुका): ग्रामपंचायतीसाठी दरवर्षी किती लोकांना काम मिळालं याची नोंद ठेवायची आहे. दिवाळीनंतर विचारलं तर सगळे कामावर, एप्रिलात विचारलं तर बरेचसे रिकामे. कोणता आकडा धरावा?

उत्तर १: दोन्ही बरोबर, पण त्या-त्या आठवड्यापुरते. दिवाळीनंतर कापूस वेचणी असते, उन्हाळ्यात शेत मोकळं. केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात म्हणूनच दोन कसोट्या आहेत. एक मागच्या ७ दिवसांची, ज्यात १ तास काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. दुसरी मागच्या ३६५ दिवसांची. तिच्यात ३० दिवसांचं दुय्यम कामही चालतं. गावाला या दोन्ही सैल पडतात. माणसं मोजण्यापेक्षा दिवस मोजा. दर तीन महिन्यांनी तीच घरं गाठा, मागचा आठवडा विचारा, आणि प्रत्येकाचे १४ अर्धे दिवस कामाचे की रिकामे ते लिहा. बाईमाणूस घरच्या शेतात निंदण करते तेही काम लिहा; नुसतं 'काम करता का' विचारलं की उत्तर 'नाही' येतं.

उत्तर २: सरकारी रोजगार हमीच्या कामाचे मनुष्यदिवस (एका माणसाचं एक दिवसाचं काम) यात वरून मिळवू नका, दुबार मोजणी होते. शिवाय ते एप्रिल ते मार्चचे, आणि कामाच्या दिवसांची हमी कुटुंबाला, माणशी नाही.

उत्तर ३: ऊसतोडीला गेलेल्यांचं काय? कुलूप दिसलं की घर गाळू नका, नाहीतर हिवाळ्याचा आकडा फुगतो-आटतो. 'बाहेरगावी कामावर' असा वेगळा रकाना ठेवा.