रविवारी कार्टून दाखवायचं की नाही?

सेक्रेटरी, बी-५०१: नमस्कार मंडळी. रविवारी संध्याकाळी ७ वाजता गच्चीवर मुलांसाठी कार्टून शो ठरला आहे. छोटा भीम आणि डोरेमॉन. प्रोजेक्टर मिळाला. पडद्यासाठी पांढरी चादर कोणाकडे आहे? जेकार्डची, म्हणजे नक्षी विणलेली नको.

डी-३०२: माझ्याकडे डबल बेडची आहे. पाठवते.

ए-३०४: सर, त्याआधी मी टाकलेला व्हिडिओ बघा. भीमचं धोतर भगवं का, डोरेमॉन निळा का, सगळं सांगितलंय. लहानपणापासूनच पोरांच्या डोक्यात राजकारण भरायलेत. मी माझ्या मुलाला पाठवणार नाही.

बी-२०२: दादा, मला कालच बरोब्बर उलटा व्हिडिओ आला. त्याच कार्टूनवर, आणि दोष दुसऱ्या पक्षाला.

ए-३०४: म्हणजे काहीतरी आहेच ना? आगीशिवाय धूर निघतो का?

डी-१०१: डोरेमॉनवर बांगलादेशात बंदी घातली होती, २०१३ साली. सरकार उगाच बंदी घालतंय का ओ?

सेक्रेटरी, बी-५०१: वाद होणार असेल तर रद्द करू या. पुढच्या महिन्यात बघू.

सी-४०३: सेक्रेटरी साहेब, रद्द करू नका. थोडं लांब लिहिते, सगळ्यांनी वाचा.
बांगलादेशाचं खरं आहे, पण तिथलं कारण छुपं नव्हतं. डोरेमॉन तिथे हिंदी डबिंगमध्ये लागायचं. मुलं घरात बंगाली सोडून हिंदी बोलायला लागली म्हणून पालक कुरकुरत होते. सरकारने भाषेचंच कारण उघडपणे दिलं. निळ्या रंगाचा त्यात काही संबंध नव्हता. निळ्या रंगाचं कारण कुठल्याही पोराला विचारा. डोरेमॉन आधी पिवळा होता, उंदराने त्याचे कान कुरतडले आणि तो निळा पडला. गोष्टीतच आहे ते.

डी-१०१: बाई, भाषेचं तर आमच्याच घरात चाललंय. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि पोरगी भावाशी भांडते हिंदीत. आज्जीला कळत नाही, ती मला विचारते ही काय म्हणायली.

बी-२०२: आमच्याकडे कन्नड, बाकी सेम.

सी-४०३: हेच सांगायचंय. ही गोष्ट तुमच्या डोळ्यांसमोर घडतेय, व्हिडिओ लागत नाही त्याला. यावर आपण ग्रुपवर कधी बोललो का?

ए-३०४: बाई, तुमचा मान ठेवून विचारतो. म्हणजे छुपा संदेश वगैरे काही नसतंच असं म्हणायचंय का?

सी-४०३: नाही, तसं अजिबात म्हणत नाही. आपल्याच रंगभूमीवर बघा. नाटककार खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली आलं. रंगमंचावर कीचक आणि द्रौपदी होते, पण प्रेक्षकांना कीचकात इंग्रजांचा माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसत होता. १९१० मध्ये इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. पुढे १९२१ च्या ‘भक्त विदुर’ या मूकपटात विदुराच्या डोक्यावर गांधी टोपी होती. मद्रास आणि कराचीत तोही बंद पाडला. उघड बोललं तर तुरुंग होता, म्हणून आडून बोलायचे. आणि ज्यांच्यासाठी बोललं जायचं त्यांना पहिल्याच प्रयोगात कळायचं. ३० वर्षांनी कुणी व्हिडिओत बाण काढून दाखवायची गरज नव्हती.
कार्टूनमध्येही झालंय. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘ॲनिमल फार्म’वर १९५४ साली इंग्लंडमध्ये ॲनिमेशनपट निघाला. त्यामागे गुपचूप पैसा होता अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेचा. कादंबरीत डुकरं बाकी जनावरांवर राज्य करायला लागतात, आणि शेवटी डुक्कर कोण आणि माणूस कोण हे जनावरांना ओळखू येत नाही. चित्रपटात ती जनावरं डुकरांवर उठतात. शेवटच बदलला! ही हेराफेरी पुढे पुराव्यानिशी बाहेर आली. पैसा कोणी दिला, बदललं काय, हे दाखवता येतं.
तुमच्या व्हिडिओत यातलं काय आहे? मी पूर्ण बघितला. एक चित्र, त्यावर लाल गोल, आणि मागे घाबरवणारं संगीत.

ए-३०४: रंग तर दिसतोय ना बाई.

सी-४०३: आपल्याकडे कुठलाही रंग घ्या, कुणाचा ना कुणाचा झेंडा निघतोच. भगवा, हिरवा, निळा. आपल्या सोलापुरात गिरणी कामगारांचा लाल बावटा होता. मग भीमला नेसवायचं काय?
अर्थ काढू नये असं मी म्हणत नाही. १९७१ मध्ये चिलीत एरियल डॉर्फमन आणि आर्मांड मॅटेलार्ट यांनी डोनाल्ड डकच्या चित्रकथांवर अख्खं पुस्तक लिहिलं. या जगात काका आहेत, पुतणे आहेत, पण आईबाप कुणालाच नाहीत, हे त्यांनी दाखवलं. श्रीमंत काका दूरदेशी जातो आणि तिथले भोळे लोक आपला खजिना किरकोळ वस्तूंच्या बदल्यात देऊन टाकतात, हेही दाखवलं. १९७३ च्या लष्करी उठावानंतर तिथे ते पुस्तक जाळलं गेलं. त्यांचं म्हणणं पटो न पटो, त्यांनी पानं उघडून दाखवली. गोष्टीत कोण कोणाशी कसं वागतं ते बघितलं. धोतराचा रंग धरून बसले नाहीत.

बी-२०२: मग बाई, छोटा भीममध्ये तसं बघितलं तर काय दिसतं?

सी-४०३: मला दिसलं ते सांगते, आणि हे मला फार लागलंय. परवा संध्याकाळी पार्किंगमध्ये मुलं भीम-भीम खेळत होती. भीम कोण व्हायचं यावर रोज भांडण, ते ठीक आहे. पण कालिया कोण, यावर भांडणच नव्हतं. एका मुलाला सगळ्यांनी परस्पर कालिया करून टाकलं होतं. तो पाण्याच्या टाकीला टेकून उभा होता, मार खायची पाळी यायची वाट बघत. मी विचारलं, हाच का रे रोज? तर एक चिमुरडी म्हणाली, “आज्जी, तो काळा आहे ना.”
यात छुपं काय आहे? कार्टूनमध्ये दादागिरी करणाऱ्याचं नाव कालिया, आणि बहुतेक वेळा शेवटी त्याची फजिती. ते बघून पोरांनी सरळ गणित मांडलं. भीमची मैत्रीण चुटकी, तिचंही बघा. लाडू बहुतेक वेळा तिच्याच हातात, आणि खाणारा भीम. माझ्या नातीने विचारलं, चुटकी स्वतः कधी खाते? मला उत्तर देता आलं नाही.

डी-३०२: बाई, तो माझा मुलगा आहे. घरी काही बोलला नव्हता. दोन दिवस खाली जात नव्हता, मला वाटलं उन्हामुळे.

सी-४०३: अगं, मला वाटलंच होतं तुझा असेल. उद्या मी खाली बसते त्यांच्यात. तू त्याला पाठव.

डी-१०१: वहिनी, माझी पोरगीपण त्या खेळात असते. आज रात्री बोलतो तिच्याशी. असं चालायचं नाही.

ए-३०४: कालियाचं मान्य आहे बाई. वाईट वाटलं. पण रंगाबद्दल माझं मत आहे तसंच आहे.

सी-४०३: असू द्या की. पण मुलाला घरात ठेवून त्याला काय कळणार? दोघं या. शेजारी बसून बघा, आणि कुठे खटकलं तर तिथेच त्याला विचारा, तुला काय वाटलं. तो काय सांगतो ते ऐका आधी.

सेक्रेटरी, बी-५०१: मग असं करू. छोटा भीमचा एकच भाग दाखवू, डोरेमॉनचे दोन. त्यानंतर अर्धा तास बाई मुलांशी बोलतील. मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही.

बी-२०२: शेंगदाण्याचे लाडू माझ्याकडून. वाटायला मुलगे उभे करा.

ए-३०४: येतो आम्ही. पण बाई, तुमचे प्रश्न झाले की एक प्रश्न मीपण विचारणार मुलांना. धोतराचाच.

सी-४०३: विचारा की. मलाही ऐकायचंय काय म्हणतात.