विज्ञानकथा, अद्भुतकथा: अलीकडे काय वाचलंत?

पानगळ
अँडी विअरची ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ (२०२१) संपवली, पण त्यातला परग्रहवासी रॉकी काही डोक्यातून जात नाही. त्याला डोळे नाहीत, सगळं आवाजावरून कळतं. त्याची हवा अमोनियाची, दाब आपल्या २९ पट. म्हणजे तो आणि पृथ्वीवरचा ग्रेस एका खोलीत राहूच शकत नाहीत. तरी भिंतीपलीकडून तो सांगतो, तू झोप, मी बघतो. झोपलेल्यावर कुणीतरी नजर ठेवायची, ही त्यांच्याकडची रीतच. तिथे एकदम कॉलेजात वाचलेली ल गिनची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) आठवली. पृथ्वीवरचा गेन्ली आणि त्या परक्या ग्रहावरचा एस्त्रावेन बर्फावरून स्लेज ओढत चाललेत. गेन्ली त्याला मनातून बोलायला शिकवतो, आणि एस्त्रावेनला तो आवाज ऐकू येतो मेलेल्या भावाचा! तेव्हाही काटा आला होता, आत्ताही आला. अवकाशयानं, युद्धं असोत नसोत, मला हे असं परक्याच्या जवळ जाणं हवं असतं. तुमचेही अनुभव लिहा.

धूमकेतू
रॉकी!!! ऑडिओबुक ऐका, त्यात तो सुरांत बोलतो. भांडी घासता घासता नळ बंद करून ऐकत उभी होते.

उंबर
ऑडिओत नावं लक्षात राहत नाहीत हो. ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ शेवटी छापीलच घेतलं. माणसं कोरडी वाटली, पण ३ कोटी सैनिक काळे-पांढरे झेंडे हलवून संगणक होतात, ते प्रकरण लागोपाठ दोनदा वाचलं.

रानवारा
चायकोव्स्कीची ‘चिल्ड्रन ऑफ टाइम’. कोळी म्हटलं की मी पलंगावर चढते, आणि इथे चक्क पोर्शिया या कोळी-मादीच्या बाजूने! मुंग्यांकडून हिशेब करून घेतात हे कोळी. त्यात फाबियन नावाचा नर, आम्हाला मारू नका एवढाच हक्क मागतो. फार लागलं ते.

धूमकेतू
@रानवारा मग आता घरातल्या कोळ्यांचं काय?

रानवारा
पेल्याखाली धरून बाहेर सोडते. मारवत नाही गं.

सांजवेळ
आई दवाखान्यात होती तेव्हा उशाशी बसून ‘पिरानेसी’ वाचली. घरटं बांधणाऱ्या अल्बट्रॉस पक्ष्यांना त्यातला नायक स्वतःचं जळणाचं वाळलं शेवाळ देऊन टाकतो. थंडीत आपलं कसं होईल याचा हिशेब करतो आणि तरी देतो. पुस्तक मिटून आईचा हात धरला. बाकी कथानक वगैरे नंतर कळलं.

उंबर
आई कशा आहेत आता?

सांजवेळ
बऱ्या आहेत, चालतात. विचारल्याबद्दल आभार _/\_

मोरपीस
जरा वेगळं विचारते. लेक १२ वर्षांची आहे, जादूगारांचं काहीतरी द्या म्हणते. रात्री घाबरते मात्र.

पानगळ
ल गिनचीच ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ घ्या, आकाराने लहान आहे. त्यातली सावली भीतीदायक आहे, पण ती गेद या जादूगार नायकानेच मोकळी सोडलेली असते; पुढे तोच वळून तिच्या मागे लागतो. पहिले काही दिवस सोबत बसून वाचा.

मोरपीस
आजच मागवते. मीही वाचेन.