हळदीचा एकटीचा धंदा, जरा दमाने करायचाय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला राहते. मार्केट यार्डातून राजापुरी हळकुंडं आणते, निवडते, दळून आणून घरूनच विकते. निवडण्यापासून पार्सलपर्यंत सगळं एकटीच.

गेल्या लग्नसराईत हावरटपणाने येईल ती ऑर्डर घेतली. चक्कीवाल्या दादांना म्हटलं, एका दमात काढा. पूड हाताला चटका बसेल इतकी गरम निघाली. हळदीचा वास तिच्यातल्या उडून जाणाऱ्या तेलाचा. तापली की तो गेलाच. रंग झकास, वास नाही. एक जुन्या काकू एवढंच म्हणाल्या, "यंदा वेगळी वाटली गं." (भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.)

आता ठरवलंय, पंधरवड्यातून एकदाच दळण, तेही २० किलो, मध्ये थांबून पूड निवू देत. ऑर्डर आधी, दळण नंतर.

अडतंय ते इथं. पुण्या-कोल्हापूरची गिऱ्हाइकं "उद्या पाठवता का?" विचारतात. त्यांना न दुखावता कसं थांबवायचं? आगाऊ पैसे मागितले तर लोक बिचकतात का? आणि वर्षाची हळकुंडं नव्या हंगामातच भरून ठेवली तर कीड लागू नये म्हणून काय करता?

आमचे हे म्हणतात, मदतीला बाई ठेव. पण मग तिच्या पगारासाठी पुन्हा ऑर्डरीच वाढवाव्या लागणार! एकहाती धंदा करणाऱ्यांनी अनुभव सांगा. "मशीन घ्या" सोडून काहीही चालेल.