मदत हवी आहे: दुधाच्या वळणाचा शुद्ध संगमनेरी बोकड कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

आम्ही अकोले तालुक्यात दोन एकरांवर राहतो. गोठ्यात नऊ संगमनेरी शेळ्या आहेत, सासूबाईंनी जपलेल्या. बहुतेक पांढऱ्या, दोघींच्या अंगावर तांबूस ठिपके, कान लोंबते. घरात गाय-म्हैस नाही. चहापासून खव्यापर्यंत सगळं दूध यांचंच. चांगल्या वेताला एकेक शेळी जुळी पाजून वर दोन्ही वेळचं मिळून लिटरभर देते, तेही शेवरी, सुबाभूळ, हरभऱ्याचं भुसकट आणि मूठभर मका भरड्यावर.

अडचण बोकडाची आहे. आताचा बोकड लांबच्या गावाहून आणलेला आहे आणि गुणी आहे. पण त्याच्या पाटी, म्हणजे तरुण लेकी, दिवाळीपर्यंत माजावर येतील. त्या बापाकडूनच फळवायच्या नाहीत, हे आमचं ठरलेलं आहे. बाप-लेकीच्या करडात अंतःप्रजननाचं प्रमाण २५ टक्के होतं, सावत्र भावंडांच्या करडात साडेबारा. पुढे त्याचा फटका दुधाला आणि करडांच्या जगण्याला बसतो.

नवा बोकड शोधायला निघालं की समोर येतात बोअर, सिरोही, बीटल या अंगाने मोठ्या जातींचे बोकड किंवा त्यांचे संकर. लोकांना दोष देत नाही. करडू वजनावर विकलं जातं, आणि बकरी ईदच्या आधी दोन पैसे जास्त मिळणार असतील तर कोण सोडेल? पण अहिल्यानगर, नाशिक, पुणे हा या जातीचा स्वतःचा पट्टा. इथेच तिचा बोकड मिळेना, तर तो मिळणार कुठे? उस्मानाबादी शेळीला बाजारात नाव आहे. कोकण कन्याळ आणि बेरारीची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, त्याचा आनंदच आहे. संगमनेरीवर राहुरीच्या कृषी विद्यापीठात काम चालतं, तिथे चौकशी करणारच आहे. तरी गावागावांत कुणाकडे काय शिल्लक आहे, ते तुम्हालाच जास्त माहीत असेल.

लोणीच्या बाजारात रंग आणि कान बघून बोकड दाखवतात, त्याची आई कुणी दाखवत नाही. मला आई बघायची आहे. तिची कास, सड, ती किती महिने दूध देते आणि आटते कधी, हे सगळं. अशी आई दारात असलेलं कुणी ओळखीचं आहे का?

दुसरं म्हणजे कृत्रिम रेतन. शेळ्यांच्या गोठवलेल्या रेतमात्रा मिळतात, पण चार-पाच पाटींसाठी त्या मात्रा गोठवून ठेवणारी द्रव नत्राची टाकी दारात येईल का, आणि गाभ राहण्याचा खरा अनुभव काय आहे? पाटींचा माज दीड-दोन दिवसांचा. शेजारी बोकड असला की लगेच कळतो, नाहीतर हुकतो.

---

प्रतिसाद (जुन्नरकडून):

ताई, रेतनाचं आधी सांगतो. शेळीचं रेतन जमतं, पण वेळ गाठायला हवी. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. करणाऱ्याचा हात शेळ्यांवर बसलेला हवा, फक्त गायींवर बसलेला असून चालत नाही. थोड्या पाटींसाठी मी तरी बोकडच बघेन.

आमच्याकडे तीन गावांतल्या चार घरांनी बोकडाची फेरी लावली आहे. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा, पाट फळवायजोगी व्हायला वर्षभर धरा. म्हणजे बोकड आल्यापासून साधारण दीड वर्षात त्याची लेक तयार होते. त्याआधी तो पुढच्या घरी जातो. विकत कुणी घेत नाही, खुराक ज्याचा त्याने घालायचा. अट एकच, दुसऱ्या जातीचा बोकड कुणी दावणीला बांधायचा नाही.

बोकड घेताना दोन्ही अंड सारखे आणि घट्ट आहेत ना, हाताने बघा. ब्रुसेलोसिसची रक्ततपासणी केल्याशिवाय गोठ्यात घेऊ नका. हा रोग शेळीला गाभडवतो आणि कच्च्या दुधातून माणसालाही होतो. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषाराची लस झालेली असू द्या, तरी तीन आठवडे वेगळा बांधा. आणि तुमच्यात बिनशिंगी शेळ्या असतील तर बोकड शिंगांचाच घ्या. दोन्हीकडून बिनशिंगी आले की काही करडं धड नर ना मादी अशी वांझ निघतात.

---

धागाकर्ती:

दादा, फार आभार. बिनशिंगी दोन आहेत, म्हणजे बोकड शिंगांचाच बघायचा. आमचा आताचा बोकडही शिंगांचाच आहे, त्याच्या आईचं दूध सासूबाईंनी स्वतः उभं राहून काढून घेतलं होतं. त्याची रक्ततपासणी याच महिन्यात करून घेते. तुमच्या फेरीत पाचवं घर बसत असेल तर तो द्यायची आमची तयारी आहे. अकोले ते जुन्नर अंतर आहे, पण टेम्पोचा खर्च आम्ही करू. संगमनेर, सिन्नर किंवा आंबेगाव भागात कुणी शुद्ध संगमनेरी ठेवत असेल, अगदी दोन शेळ्या असल्या तरी, इथे नक्की लिहा. मी येऊन बघून जाईन.