मुख्याध्यापक झाल्यावरही फक्की सरांच्याच हातात

परवा शाळेवरून जाताना मैदानावर फक्की, म्हणजे रेषा आखायची पांढरी पूड, मारण्याचे काम चालू दिसले आणि सर आठवले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आलेले सर आमच्या तालुक्याच्या शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून लागले, पुढे पर्यवेक्षक झाले आणि मुख्याध्यापकपदावरून वयाच्या 58 व्या वर्षी निवृत्त झाले. परंतु खो-खोचे मैदान आखण्यासाठी त्यांनी शिपायाला कधीही पाठवले नाही. मंडळाच्या चमूने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती, ही हकीकत ते दोरी ताणता ताणता सांगत. ज्यांना सर लाभले, त्यांनी अवश्य लिहावे.

*

जिल्हा स्पर्धेला पाठवण्यास वडिलांनी नकार दिला, तेव्हा सर घरी आले. एसटीची वेळ, मुक्कामाची जागा आणि सोबत येणाऱ्या बाईंचे नाव त्यांनी कागदावर लिहून वडिलांच्या हाती दिले. तो कागद आईने अजून जपून ठेवला आहे.

*

ताई, त्या बाई म्हणजे आपल्या गणिताच्या बाईच ना? त्यांनी आणलेल्या दशम्या अख्ख्या संघाला पुरल्या होत्या.

*

होय, त्याच. सरांच्या सांगण्यावरून त्या दरवर्षी मुलींबरोबर येत असत.

*

मी त्याच शाळेत लिपिक होतो. वेतनेतर अनुदान, म्हणजे पगार सोडून इतर खर्चासाठी शाळेला मिळणारे सरकारी पैसे, रखडले की सर खो-खोचे खांब स्वतःच्या पगारातून सुताराकडून करून घेत. पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे विद्यार्थिसंख्येवरून शिक्षकांची पदे ठरवताना, शिक्षक अतिरिक्त ठरतो, म्हणून जून महिन्यात ते वाड्यावस्त्यांवर सायकलने फिरत. खेळाच्या ओढीने आलेली कित्येक मुले त्यामुळेच दहावीपर्यंत टिकली. त्यांचे हे काम कोणत्याही अहवालात आले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

*

1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचा प्रथमच पदकासाठी समावेश झाला आणि भारताने सुवर्ण जिंकले, तेव्हा परिपाठात ती बातमी वाचताना सरांचा आवाज भरून आला होता. त्याच वर्षी सरावाला दोन दिवस दांडी मारली म्हणून त्यांनी मला अंतिम सामन्यातून वगळले. मी संघातला सर्वांत चांगला चढाईपटू होतो आणि आम्ही हरलो. राग पुष्कळ वर्षे राहिला. आज मीही एका शाळेत संघ निवडतो आणि सराव चुकवणाऱ्या मुलाला बसवताना माझा हात थरथरतो.

*

दादा, सर आता मुलाकडे नाशिकला असतात. रविवारी सकाळी फोन करा, ते स्वतः उचलतात.