प्रतिसाद: नुसत्या काचेने रस्ता जिवंत होत नाही

वर एकांनी म्हटलंय की इमारतीच्या तळमजल्याला सलग काच लावली की रस्ता आपोआप जिवंत होतो. नेमकं इथेच फसतं. काचेवर काळी फिल्म चढते, आतून कपाटं टेकवली जातात. मग चालणाऱ्याला ती भिंतच. माणूस सेकंदाला साधारण 1.4 मीटर चालतो. दर चार-पाच सेकंदांनी नजरेला काही नवं हवं असेल, तर 6-7 मीटरवर दार, खिडकी, निदान कोनाडा यायला हवा.

जोत्याची (इमारतीच्या पायथ्याच्या चौथऱ्याची) कडा 45 सेंमी उंच आणि 40 सेंमी खोल ठेवली की फुकटात बाक मिळतो. तिला बाहेरच्या बाजूला 1:50 उतार द्या, नाहीतर पाणी साचून शेवाळ धरतं. (कुणी बसू नये म्हणून तिथे टोकदार खिळे ठोकणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.) छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच हवीच. ती नसली की पाणी छज्ज्याच्या पोटाने भिंतीकडे ओघळतं, ओल आत शिरते आणि बुरशीने खोकतात आतली माणसं.

अंतर्वक्र, म्हणजे आत वळलेली काच तर टाळाच. लंडनच्या ‘20 फेंचर्च स्ट्रीट’ या अशा काचेच्या उंच इमारतीने 2013 मध्ये ऊन एकवटून खाली उभ्या गाडीचे भाग वितळवले. नंतर दर्शनी भागावर ऊन अडवणाऱ्या पट्ट्या बसवाव्या लागल्या.